अकरा डोकी

पोहण्याच्या बाईंचा आयुष्यात दोनच गोष्टींवर पुरता भरवसा होता, गळ्यातल्या शिट्टीवर आणि पाण्यावर. सर्दी असो, आळस असो, अभ्यासाचा कंटाळा असो, त्यांचं औषध एकच: उतरा तलावात. मग पोटच्या पोरीचं काहीतरी बिनसलंय असं दिसल्यावर त्या दुसरं काय करणार?

पोर दहा वर्षांची. तोंडाला कुलूप म्हणून नाही, तेव्हा घरात तिचं नाव पडलं टिटवी. ही टिटवी दोनेक महिन्यांपासून बोलता बोलता मध्येच गप्प व्हायला लागली. घास हातात, डोळे भिंतीवर, हाक मारावी तर ओ नाही. थोड्या वेळाने पुन्हा सुरू व्हायची, पण मधलं वाक्य गायब. लक्ष नसतं म्हणून शाळेतूनही चिठ्ठी आली. घाबरलेल्या माणसाला बोट दाखवायला कुणीतरी लागतंच. बाईंना व्हिडिओ गेम सापडला. गाड्यांच्या शर्यतीचा, आणि तोही त्यांच्याच धाकट्या भावाने भाचीच्या वाढदिवसाला दिलेला.

"तुझ्या त्या गेमने पोरीचं डोकं पोखरलंय," त्यांनी भावाला सुनावलं.

रोज अर्धा तास खेळून कुणाचं डोकं पोखरत नाही, आधी डॉक्टरांना दाखव, असं तो परोपरीने सांगत होता. पण थोरल्या बहिणीपुढे त्याचं कधी काय चाललंय? गेम कपाटात गेला आणि टिटवी दुपारी चारच्या वर्गात, आणखी अकरा मुलांबरोबर पाण्यात.

बाईंचा वर्ग तरंगण्यापासून सुरू होई. तोंड पाण्यात, हात पसरलेले, अंग सैल. शिट्टी होईपर्यंत हलायचं नाही. शिट्टी झाली की बाई डोकी मोजत. आधीच वर येणारा कच्चा लिंबू. टिटवी आठवड्याभरात सगळ्यांच्या पुढे गेली. एकदा तर शिट्टी होऊन गेली तरी ही आपली पडूनच, आणि मग ठसकत, नाकातोंडातून पाणी काढत वर आली. बाईंनी तिची पाठ थोपटली. याला म्हणतात जिद्द, असं बाकीच्यांना ऐकवलंही.

गुरुवारी भाऊ मोबाईल घेऊन थेट तलावावर आला. मुलं नुकतीच पाण्यात उतरली होती. मामा-भाची आपापल्या घरून एकत्र खेळत, त्यामुळे तिच्या सगळ्या शर्यती त्याच्याकडेही साठलेल्या होत्या. काल त्या तो पहिल्यापासून बघत बसला होता. बाईंना हे काही ऐकायचं नव्हतं, पण त्याचा चेहरा पाहून त्या थांबल्या.

पडद्यावर टिटवीची लाल गाडी सगळ्यांना मागे टाकत सुसाट निघाली होती. वळण आलं. गाडी वळलीच नाही. सरळ जाऊन भिंतीला भिडली आणि चाकं नुसती फिरत राहिली. भावाने आठपर्यंत मोजलं, तेव्हा कुठे ती मागे आली आणि पुढे धावू लागली. दुसऱ्या शर्यतीत तेच. तिसरीतही. पडद्यावरची नजर न काढता बाईंनी मुलांना तरंगायची खूण केली.

"ही पहिल्या दिवसाची आहे ताई, गेम उघडला त्याच दिवसाची," तो म्हणाला. "मी तेव्हा तिला चिडवलं होतं, वळण दिसलं नाही का म्हणून. तर म्हणाली, मामा, वळण आलंच नाही."

बाईंनी सवयीने शिट्टी मारली. डोळे अजून भिंतीला टेकलेल्या त्या गाडीवरच होते. मग मान वर करून सवयीनेच डोकी मोजली.

अकरा.

बारावं पाण्यातच होतं. हात छान पसरलेले, अंग सैल, अगदी बाईंनी शिकवलं होतं तसं. बाईंनी बुटांसकट उडी घेतली. तिच्यापर्यंतची चार हात जागा त्यांना संपता संपेना. पोरीला काठावर आणून पालथी केली, तेव्हा ती खोकली, भडभडून ओकली, आणि लाल डोळ्यांनी आईकडे पाहू लागली.

"आई, शिट्टी झाली?"

"नाही ग," बाई म्हणाल्या. "अजून नाही झाली."

डॉक्टरांनी सांगितलं की हे फिटचे झटके आहेत, त्यात काही क्षण भान हरपतं, आणि ते गेमने आलेले नाहीत. काहींना लखलखत्या उजेडाने येतात, म्हणून तेही तपासलं. टिटवीला तसं काही निघालं नाही. अर्धा तास खेळली तर खेळू दे म्हणाले. औषध लागू पडायला मात्र दिवस लागतील, तोवर पाणी बंद. किती दिवस पाण्यात सोडत होता, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बाई बोटांवर दिवस मोजायला लागल्या.

आता संध्याकाळी टिटवी खेळते आणि बाई तिच्या शेजारी बसतात. शर्यतीतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. लाल गाडी वळणावर सरळ जाऊ लागली की त्या पोरीचा दंड घट्ट धरतात आणि मनात मोजायला लागतात. आज सहापर्यंत आल्या, तेव्हा टिटवीने मान वळवली.

"आई, दुखतंय ना. मी मुद्दाम आपटली गाडी."

बाईंनी हात सैल केला. सोडला मात्र नाही.