दारात ताटकळलेला पॅच

मित्रांनो, मी एक जुना पॅच आहे. नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका. तुम्ही ज्यातून इंटरनेट पाहता त्या ब्राउझरला भोक पडले, की ते बुजवायला आमच्यासारख्यांना पाठवतात. साधे ठिगळ म्हणा हवे तर, पण मला माझ्या कामाचा अभिमान आहे.

माझा जन्म घाईगर्दीतला. ब्राउझरमध्ये एक भोक सापडले होते आणि चोरांना ते आधीच कळले होते. नुसते एखादे लबाड पान उघडले, तरी चोर थेट संगणकात शिरत. माझ्या कर्तीने जेवणाचा डबा बाजूला सारून मला लिहिले. तिच्या सोबत्यांनी मला उलटेपालटे करून तपासले आणि 'तातडीचा' म्हणून जगभर धाडले. मी छाती फुगवून निघालो.

पोचलो एका फोटो स्टुडिओत, आणि दारातच अडकलो! ब्राउझर बंद करून पुन्हा उघडला, तरच मला आत जाता येते. इथे तो कधी बंदच होत नसे. दुकान मावशींचे, लहानथोर सगळे त्यांना मावशीच म्हणत. जुने, डागाळलेले फोटो त्या ब्राउझरमध्येच दुरुस्त करत. प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान, आणि फोटो त्याच्या हाती पडेपर्यंत ते पान मिटायचे नाही, असा त्यांचा नेम. कोपऱ्यात माझी लाल खूण दिसायची, की मावशी 'नंतर'वर टिचकी मारून मोकळ्या. त्यांचे यजमान, म्हणजे काका, शेजारी फ्रेमा ठोकत बसायचे. एकदा बंद करून उघड की, असे ते म्हणायचे. त्यावर मावशी म्हणायच्या, तुमचा खिळा हरवला तर दुसरा मिळतो, माझी माणसं हरवली तर कुठे शोधू? मला भारी राग यायचा. पण खरे सांगतो, बाई जीव लावणारी होती.

त्यांचा सगळ्यात जास्त जीव गुंतला होता बस चालवणाऱ्या दादांच्या फोटोत. दादांच्या वारलेल्या बायकोचा तो एकुलता एक फोटो. काचेला चिकटलेला मूळ कागद सोडवताना फाटला. त्याआधी घेतलेली प्रत तेवढी या संगणकात होती. चोर शिरून फोटो पुसून गेला असता, तर दादांना तिचा चेहरा पुन्हा दिसला नसता. आणि मी आपला दारात ताटकळत उभा!

एका दुपारी दादा काम कुठवर आले ते पाहायला आले. लाल खूण पाहून त्यांनी विचारले, हे काय. मावशींनी सगळे सांगितले. बंद केल्यावर पाने परत आलीच नाहीत तर, ही धास्तीही सांगितली.

"ब्रेकचा दिवा लागला की मी गाडी थांबवतो, मावशी," ते म्हणाले. "लोक कुरकुरतात. पण सगळ्यांना उतरवतो आणि काम झालं की परत बसवतो. माझ्या बायकोला उतरवा आधी."

मावशींनी फोटो नीट सेव्ह केला, ते पान मिटले, मग बाकीची मिटली. काकांची हातोडी थांबली. ब्राउझर बंद झाला आणि मी आत धावलो, भोकावर घट्ट बसलो. पुन्हा उघडल्यावर पाने एकेक करून परत आली. दादांची बायको तशीच हसत होती. मावशींनी डोळे पुसले आणि काकांना म्हणाल्या, बघत काय बसलात, चहा टाका.

काही दिवसांनी गिऱ्हाइकाच्या नावाने एक खोटा ईमेल आला. त्यातले लबाड पान उघडले गेले आणि चोराने भोक चाचपले. तिथे मी होतो. तो हात हलवत परत गेला. माझे कौतुक कुणी केले नाही, कारण काही घडलेच नव्हते. थोडे वाईट वाटले, नाही असे नाही. पण दादा फोटो छातीशी धरून घरी गेले, ते मी पाहिले.

आता माझ्यानंतर कितीतरी नवे पॅच आले. मित्रांनो, एवढेच मागणे आहे, की त्यांना दारात उभे ठेवू नका. मावशी तर आता खूण दिसली की हातातले काम थांबवतात आणि पडद्यावरच्या माणसांना म्हणतात, "चला, सगळे उतरा. परत बसायचंय."