मी चालू होते

मित्रांनो, मी औषधांच्या दुकानातली एक जुनी कार्ड-मशीन आहे. माझा राग अजून उतरलेला नाही. गोड बोलणं जमणार नाही, ऐकायचं तर तसंच ऐका.

कारखान्यात जन्मले, खोक्यात पडून प्रवास केला आणि काउंटरवर येऊन बसले. मालकांनी मला हौसेने आणलं असं वाटलं होतं. खरं कारण नंतर कळलं. समोर एक मोठं काचेचं दुकान उघडलं होतं. तिथे कार्ड चालायचं, आणि आमची गिऱ्हाइकं रस्ता ओलांडू लागली होती. मग मालकांनी दारावर ठळक अक्षरांत लिहून घेतलं, ‘येथे सर्व कार्डे चालतात’. गिऱ्हाइकं परतली. मालक मला मऊ फडक्याने पुसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "काळाबरोबर चालावं लागतं." औषधं काढून देणाऱ्या काकू म्हणत, "कौतुक पुरे. तिच्यात कागद भरा आधी."

पुढे मालकांच्या लक्षात आलं, की कार्डाच्या प्रत्येक विक्रीतून बँक आपला वाटा कापून घेते. त्यांचं तोंड वाकडं झालं. दारावरची अक्षरं मात्र पुसली नाहीत, कारण गिऱ्हाईक आत यायला ती हवी होती. गिऱ्हाइकाने औषध हातात घेऊन कार्ड काढलं, की मालक चेहरा पाडत. "मशीन बंद आहे हो. रोख द्या ना." मी तिथेच असायचे, हिरवा दिवा लावून. मग त्यांनी मला काउंटरखाली, कापसाच्या बंडलांमागे ढकललं. लोक जाता जाता मलाच नावं ठेवत, "कसलं भंगार ठेवलंय." खोटं बोलणार मालक आणि बदनाम होणार मी.

एका दुपारी एक रंगारी धावत आला. हातांवर ओला रंग, कडेवर लहानगी मुलगी. तिची छाती भात्यासारखी चालली होती, तोंडून शब्द फुटत नव्हता.

"दम्याचा पंप द्या, हिचा संपलाय," म्हणत त्याने कार्ड पुढे केलं. कामावरून तसाच निघाला होता. खिशात दुसरं काही नव्हतं.

"मशीन बंद आहे," मालक म्हणाले. "चौकापलीकडे एटीएम आहे, काढून आणा."

"साहेब, पोरीकडे बघा. कार्ड ठेवून घ्या हवं तर, पंप आधी द्या."

"असं प्रत्येकाला देत बसलो तर झालंच."

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. ‘टिंग’ एवढाच माझा आवाज, तोही कुणी कार्ड लावलं तरच. बंडलांमागे मी नुसती धुमसत होते.

तोवर काकूंनी खोकं फोडून पंप मुलीच्या तोंडाला लावला होता. "ओढ बाळा. हळू. अजून एकदा." मग त्या वाकल्या, बंडलं बाजूला सारून मला वर काढलं आणि मालकांच्या पुढ्यात ठेवलं.

"मशीन चालू आहे," त्या म्हणाल्या. "कायमच चालू होती."

कार्ड लागलं. मी पावती बाहेर फेकली. मुलीची धाप हळूहळू ओसरली. बापाने भिंतीला पाठ टेकली आणि तिचं डोकं छातीशी धरून तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला.

ते गेल्यावर मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

"येणार नव्हतेच," म्हणून काकूंनी चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी रंगारी त्यांचे आभार मानायला आला. "सुट्टीवर आहेत," मालकांनी बेधडक सांगितलं. काकू आता समोरच्या दुकानात आहेत. रंगाऱ्याला एकदा त्या तिथे दिसल्या, तेव्हापासून तो तिथूनच औषध नेतो.

आमच्याकडे मोबाईल टेकवायची नवी मशीन आली आहे. धंदा वाढवायला हवीच, म्हणे. मी फळीवर धूळ खात पडले आहे. त्याचं मला काही नाही. पण कालच मालक त्या नव्या मशीनवर हात ठेवून एका म्हातारबाबांना म्हणाले, "नेटवर्क नाही." ती नवी पोरगी बिचारी गप्प बसली.

माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी सांगतात, आमची निगा राखा. मला ते मागायचं नाही. आमच्या नावावर खोटं खपवू नका आणि कुणाला खपवू देऊ नका. काउंटरमागून कुणी ‘बंद आहे’ म्हणालं, तर मान डोलावून परत फिरू नका. तिथेच उभे राहा आणि म्हणा, "दाखवा."