कोकिळाबायचा उजवा जबडा

रेवदंड्याच्या बाजारात मासळी विकणाऱ्या कोकिळाबायची खालची अक्कलदाढ डॉ. जुनेराने चार महिन्यांपूर्वी काढली. तेव्हापासून बायचा उजवा ओठ आणि हनुवटी बधिर होती. चहा ओघळला तरी तिला कळत नसे. गिऱ्हाइकाशी बोलताना ती पदर तोंडाला लावून बसे. जुनेरा हल्ली बाजारात शिरायची ती दुसऱ्या टोकाने.

बधिर झालेली नस कितपत जागी झाली ते बघायला दर महिन्याला तपासणी व्हायची. दात कोरडा करून त्यावर जरा पेस्ट लावायची आणि यंत्राची कांडी टेकवायची. बारीक वीज वाढत जाते, पडद्यावरचा आकडा चढतो, आणि दातात झिणझिण्या आल्या की पेशंटने बोट वर करायचं. डावीकडचे दात पंचवीसच्या आत जागे व्हायचे. उजवीकडे आकडा ऐंशीला जाऊन थांबायचा आणि बाय तशीच बसून राहायची.

त्या दिवशी मात्र तीसलाच बोट वर झालं. जुनेराला हायसं वाटलं. पुढचा दात, पुन्हा तीस. त्यापुढचा, तोही तीस. आता तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने वीज बंद केली आणि नुसतीच कांडी टेकवली. थोड्या वेळाने बोट वर झालं.

"कोकिळाबाय, यंत्र बंद आहे."

बाय ओशाळली. "दर येळी तू तोंड पाडून बसतेस. मला बघवत न्हाय. म्हटलं, तुला तरी बरं वाटंल."

जुनेराचे कान तापले. दाढेचं मूळ नसेला चिकटलेलं एक्स-रेत तिला तेव्हाच दिसलं होतं. बायला अलिबागच्या सर्जनकडे पाठवायला हवं होतं. पण तेव्हा दवाखाना उघडून दोनच महिने झालेले. पहिल्याच अवघड दाढेला हिने हात टेकले असं कुणी म्हणू नये, एवढ्यासाठी तिने ती स्वतः काढली. वर "होतं असं कधीकधी" म्हणून मोकळी झाली.

आता तिने एक्स-रे समोर धरून सगळं सांगितलं.

"म्हंजे तुला ठावं व्हतं."

"हो."

"आन मी म्हनते, माजंच नशीब."

अलिबागच्या सर्जनना दाखवूया, एवढंच जुनेरा म्हणाली.

"तू बी चल," बाय उठत म्हणाली. "तितं तुज्या तोंडानं सांग."

गुरुवारी दवाखाना बंद ठेवून दोघी रिक्षाने गेल्या. सर्जननी पुन्हा तपासलं. पुढचा एक दात अडुसष्टला जागा झाला, बाकीचे गप्पच. नस थोडी सावरतेय, पुरती सावरेलच असं नाही, म्हणाले.

"दाढ काढली कुणी?"

जुनेरा उभी राहिली. "मी. नस जवळ दिसत होती, तरी काढली."

सर्जननी फक्त कागदावर नोंद केली. ते रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं.

रेवदंड्याला उतरताना बायने विचारलं, "पुढल्या म्हयन्याला कवा येऊ?"