पहूजच्या गौरी

गुलाबी दगड ओला असला की जास्त गुलाबी दिसतो.

कठिया गहू पावसाने दगा दिला तरी येतो.

इलाइट चौराह्यावरचा फलक: जनपद महोत्सव, म्हणजे जिल्ह्याचा. अपनी माटी, अपना मान.

तोंडात पाणी धरलं की राग नाकातूनच बाहेर पडतो.

दुसरा मंडप: अन्य प्रांत. पंजाब, बंगाल, महाराष्ट्र.

जानकी राहते उत्तरेतल्या या किल्ल्याच्या गावात, खंडेराव गेटच्या आत; घर मराठी, पण पिढ्यान्पिढ्या इथलंच. तिच्याकडे खड्यांच्या गौरी. भाद्रपदात पहूज नदीतून खडे उचलायचे, तोंडात पाण्याची चूळ धरायची, वाटेत बोलायचं नाही, मागे वळायचं नाही. बोललं तर पुन्हा नदीवर. आणि बसवलेल्या गौरी विसर्जनापर्यंत हलवायच्या नाहीत. यंदा महोत्सव नेमका त्याच दिवशी आला. मराठी मंडळाने विचारलं, तेव्हा तिने गौरी मंडपात बसवायला होकार दिला.

कुठल्या मंडपात, ते आदल्या संध्याकाळी कळलं.

"अन्य प्रांतात," संकेत फोनवर म्हणाला. तो नाशिकचा, इथल्या सरकारी कारखान्यात इंजिनियर, मंडळाचा सचिव. "मोक्याची जागा मिळालीय, काकू. शेजारीच भांगडा."

"आम्ही अन्य कधी झालो?"

"तसं नाही हो. आपण मूळचे महाराष्ट्राचेच ना?"

"तू असशील. माझं मूळ मानिक चौकात कुणालाही विचार."

"बरं, मी पुण्याहून मुखवटे मागवलेत. खडे लोकांना दिसायचे नाहीत."

"मुखवटे बसव भांगड्याशेजारी," जानकी म्हणाली आणि फोन ठेवला.

सकाळ. ताम्हनात खडे, गालात पाणी.

"माताजी, महाराष्ट्र उधर है," फाटकावरचा स्वयंसेवक म्हणाला.

ती चालत राहिली.

"काकू, इकडे! काकू?" संकेत मुखवट्यांचं खोकं घेऊन आडवा आला. तिने त्याला वळसा घातला, खांबाला घालावा तसा.

पहिला मंडप: हमारा जनपद. दारातल्या दुसऱ्या स्वयंसेवकाने यादी धरलेला हात आडवा केला. ऐसा कोई स्टॉल लिस्ट में नहीं है. कौन हैं आप?

उत्तर होतं. पाणीही होतं. गालातलं पाणी आता कोमट झालेलं. एक शब्द, की सगळं मोडलं. मागे वळली, तरी मोडलं. जानकी तिथेच उभी राहिली. तिच्यामागे लोक तुंबू लागले.

"काए भैया, काए रोकत?" आतून चंपा उठली. महुआच्या, म्हणजे मोहफुलांच्या, लाडवांचा तिचा ठेला. जानकीची शेजारीण, स्वतः लग्न होऊन आल्यापासून तिला थोरली बहीण मानणारी. "जे तो हमाई जिज्जी आंय."

"लेकिन लिस्ट में..."

"लिस्ट खों पानी में घोर के पी लो."

चंपाने लाडवांची परात खाली ठेवली, शेजारच्या ठेल्यावरची ज्वारी घेऊन टेबलावर पसरली. मग दरवर्षी जानकीच्या उंबऱ्यावर विचारते तसं विचारलं, "गौर आई? का ल्याई?"

जानकीने एकेक खडा ज्वारीवर ठेवला. हळद. कुंकू. घाई नाही. मग बांबूच्या बुडाशी चूळ टाकली.

काय आणलं, या प्रश्नाला घरी ती सोनं म्हणते, मोती म्हणते.

"पहूज आणली," ती म्हणाली. "बेतवेची वाळू आणली. कठिया, महुआ, पळसाची पानं. पायाला फोड आणणारं जेठातलं ऊन आणलं. किल्ला ज्या गुलाबी दगडाचा, तो दगड आणला." मग स्वयंसेवकाकडे वळून, "इतई के आंय हम, लाला. लिख लो."

"काकू, प्लीज," संकेत हळूच म्हणाला. "उचला ना. पलीकडे टेबल रिकामं आहे आपलं."

"बसल्या त्या."

"मोठे साहेब येणार आहेत. विचारतील."

"विचारू दे. त्यांच्या आधी आलोय आम्ही इथे."

चंपा हसली. कुणीतरी हळदकुंकवाला वाकलं, मग आणखी कुणी. संकेतने खोकं टेबलाखाली सरकवलं आणि बूट काढले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मंडपवाले कापड उतरवायला आले. टेबल मागितलं. जानकी म्हणाली, विसर्जन संध्याकाळी. त्यांनी आजूबाजूचं सगळं उतरवलं, बांबू नेले, फलक नेला. उघड्या मैदानात एकच टेबल राहिलं, उन्हात, शेजारी दोन बायका. एकीने दुसरीवर छत्री धरलेली.

जानकी महाराष्ट्रात एकदाच गेली होती, मामेबहिणीच्या लग्नाला, आणि तिथे तिचं पोट बिघडलं होतं.