दह्यातल्या एका टेकूचं आत्मवृत्त

मी एक जुना टेकू आहे, मित्रांनो. लाकडाचा नव्हे, दह्यातल्या जिवाणूच्या पोटातलं एक इवलंसं प्रोटीन. अमिनो आम्लांची माळ घड्या पडून गाठोड्यासारखी झाली, की झालो मी. अंगाला एक खाच आहे, तेवढीच काय ती माझी मिळकत.

जिवाणूला जगायला प्रोटीनं लागतात आणि ती रायबोसोम नावाच्या यंत्रात घडतात. हे यंत्र जुळताना त्याच्या लहान भागातला आरएनएचा धागा भलतीकडेच दुमडतो. मी त्याला खाचेत धरून ठेवतो. आमच्या दिघा गावात स्लॅब भरताना खाली सेंट्रिंगचे टेकू लावतात ना, तस्सं. भाग नीट बसला की दुसरं एक प्रोटीन येतं आणि मला बाजूला सारतं. तयार यंत्रात मला जागा नाही. फ्रिजच्या थंडीत धागे जास्तच अडतात, तेव्हा कुठे माझी किंमत कळते. पण सांगणार कोणाला?

आमचं विरजण प्रेमलाबाईंचं. आईने लग्नात साताऱ्याहून डब्यात घालून दिलेलं. आई गेली, दही राहिलं. रोज दूध कोमट करायचं, करंगळी बुडवून पाहायची, चमचाभर विरजण घालायचं, उरलेलं वाटीत जपायचं. "ह्यात माझी आई हाय," असं त्या सुनेला सांगत.

काल दिवेलागणीला शेजारची पुतळा आली. "वैनी, चमचाभर विरजन दे गो."

"दिवा लागला गं. आता पांढरं भाईर देत न्हाईत. सकाळी ये, वाटीभर देते."

पुतळा गेली आणि बाईंना चुटपुट लागली. सकाळी तिला भरपूर द्यावं म्हणून त्यांनी मोठं पातेलं तापवलं आणि विरजण सगळंच्या सगळं ओतलं. विळीने कापलेल्या करंगळीला पट्टी होती, त्यामुळे दूध कढत आहे हे कळलंच नाही. मी वाटीच्या कडेला चिकटून राहिलो होतो. पातेल्यात माझ्या भावंडांच्या घड्या उलगडत होत्या, आणि घडी उलगडली की प्रोटीन काही कामाचं राहत नाही. ओरडायला मला तोंड नाही. मी नुसता चिकटून राहिलो.

आज सकाळी दूध दूधच होतं. पुतळा वाटी घेऊन दारात उभी.

"आईचं दही गेलं गं," बाई म्हणाल्या.

पुतळा उंबऱ्यावरच बसली. "काल दिला असता ना वैनी, तर आज माझ्या घरातनं नेला असता." टोमणा नव्हता त्यात. म्हणूनच बाईंना जास्त लागलं.

मित्रांनो, मी आहे अजून. वाटीच्या कडेला वाळलेला पापुद्रा आहे, त्यात आईच्या दह्याचे थोडे जिवाणू आणि त्यांच्या पोटात मी. घोटभर कोमट दूध ओता, आम्ही पुन्हा कामाला लागू. विरजण मागणाऱ्याला नाही म्हणू नका. दिलेलं असेल तरच परत मागता येतं. आणि रिकामी दिसणारी वाटी लगेच घासायला घेऊ नका.

हे सांगतोच आहे, तेवढ्यात बाईंनी डोळे पुसले, वाटी उचलली आणि नळ सोडला.