बावीस ऑगस्टचा रविवार

तारीख हल्डा हिन्शॉला पाठ होती, आणि तेच तिचं दुखणं होऊन बसलं होतं.

रविवार, बावीस ऑगस्ट. त्या सकाळी तिने पीच पाकात घालून बरण्या भरल्या होत्या आणि झाकणांवर नेहमीसारखी तारीख घातली होती. त्याच दुपारी टेरेल मॅबरी नावाचा अमेरिकन शिपाई, लढाई न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनाघरात हल्डासह तीन म्हाताऱ्या माणसांसमोर पहिल्यांदा म्हणाला होता, "मी आता कुणावर बंदूक धरणार नाही. कुठल्याच लढाईत नाही."

आणि त्याच्या पलटणीला पुन्हा इराकला जाण्याचा हुकूम आला होता आदल्या गुरुवारी, एकोणीस तारखेला.

घोडं पेंड खात होतं ते या तीन दिवसांपाशी. सदसद्विवेकाला पटत नाही म्हणून मला सोडा, असा अर्ज शिपायाला करता येतो. पण तो विचार मनापासूनचा आहे, जायची वेळ आली म्हणून सुचलेला नाही, हे दाखवावं लागतं. नोव्हेंबरात टेरेलच्या अर्जाची सुनावणी होती आणि त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हल्डा जाणार होती.

टेरेल फेब्रुवारीत प्रार्थनाघरात पहिल्यांदा आला तेव्हा थंडीने कुडकुडत होता. प्रार्थनाघरात ना पाद्री, ना भजनं. बाकांवर समोरासमोर गप्प बसायचं, आतून काही आलं तरच उठून बोलायचं. तासाभरात टेरेल घोरायलाच लागला. कुणीतरी त्याला हलवायला निघालं, तेव्हा सोयाबीनची शेती करणारा अ‍ॅल्टन हळूच म्हणाला, "झोपू दे. तिकडे कुठे धड झोपला असेल बिचारा." जाग आल्यावर टेरेल इतका ओशाळला, की हल्डाने त्याला सूपचे दोन वाडगे वाढले. पुढच्या रविवारी तो पुन्हा आला.

प्रार्थनेनंतर सगळे मिळून जेवताना तो पावातल्या टोमॅटोच्या चकत्या काढून ताटाच्या कडेला ठेवायचा. आवडत नसतील, असं हल्डाला वाटे. मे महिन्यात एकदा भांडी पुसता पुसता तो आपणहून बोलला.

"मिस हल्डा, तिकडे इराकात नाक्यावर एक गाडी थांबली नाही. आम्ही गोळ्या घातल्या. हत्यारं असतील, असं आम्हाला सांगितलेलं होतं. आत नवराबायको होते. बाईच्या मांडीवर टोमॅटोची पिशवी होती." तो तीच बशी पुसत राहिला. "रस कुठला आणि दुसरं काय कुठलं, कळेना."

हल्डाने ती बशी त्याच्या हातातून अलगद काढून घेतली. त्या दिवसापासून रविवारच्या जेवणात टोमॅटो येईनासे झाले आणि कुणी कारण विचारलं नाही.

हुकूम आल्यावर त्याने स्वतःच मागितलं, "तुमची ती मन निवळायची बैठक माझ्यासाठी घ्याल का?" क्वेकरांची ही जुनी रीत. अडलेल्या माणसाभोवती तिघाचौघांनी बसायचं आणि फक्त प्रश्न विचारायचे. सल्ला द्यायचा नाही, आणि ज्याचं उत्तर आपल्या मनात आधीच तयार आहे असा प्रश्नही विचारायचा नाही. अ‍ॅल्टनने विचारलं, "समजा, तुला बंदूक न देता भटारखान्यात घातलं. मग जाशील?"

टेरेलने आपल्या बुटांकडे पाहिलं. "गेल्या आठवड्यात विचारलं असतंत तर हो म्हणालो असतो, सर. आज नाही. माझ्या हातचं खाऊन जे बाहेर पडतील ते काय करून येतील, मला ठाऊक आहे." आणि मग ते वाक्य.

सुनावणीच्या आदल्या दिवशी टेरेलची वकीलबाई हल्डाकडे आली. भली बाई, फुकट काम करणारी.

"खोटं बोला, असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून त्याचं मन पालटत होतं, एवढंच सांगा. खरंच आहे ते. नेमकी तारीख विचारलीच, तर नीट आठवत नाही म्हणा. तुमचं वय त्र्याहत्तर. कोण शंका घेणार आहे?"

"आठवत नाही म्हणू?"

"वयाने तेवढा तरी फायदा करून द्यावा, मिसेस हिन्शॉ!"

हल्डाला हसू आलं आणि लगेच ओसरलं.

उजाडण्याआधी अर्धा तास गप्प बसायचं हा तिचा नेम. नवरा गेला त्या सकाळीही तो चुकला नव्हता. एरवी ती देवाकडे काही मागत नसे. सुनावणीच्या दिवशी मागितलं. देवा, आजच्या दिवस मला विसराळू कर.

सुनावणीला एक कॅप्टन होता, तिशीतला, डोळ्यांखाली काळं आलेलं. त्याने स्वतः उठून तिला पाणी दिलं. मग म्हणाला, "मॅडम, उजवा हात वर करून शपथ घ्या."

"मी शपथ घेत नाही," हल्डा म्हणाली. "शपथेवर बोललेलं तेवढं खरं, असं मानलं तर एरवीचं काय? घरी ओट्यापाशी बोलते तेच इथे बोलेन."

"चालेल. तशी सोय आहे." त्याने कागद उलटला. "लढाईत जाणार नाही, असं त्याने पहिल्यांदा तोंडाने कधी म्हटलं?"

तिने थोडं थांबून पाहिलं. देवाने ऐकलं असेल तर आत्ता समजेल. पण बरण्यांची झाकणं डोळ्यांपुढे ओळीने उभी राहिली, एकेकावर तिच्याच हातची तारीख. शेजारी टेरेल ताठ बसला होता. त्याच्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

"बावीस ऑगस्टला," ती म्हणाली. "रविवारी. दुपारी."

वकीलबाईने डोळे मिटले. कॅप्टनने तारीख लिहून घेतली.

पुढे ती पुष्कळ बोलली. टोमॅटोचं सांगितलं, भटारखान्याचं सांगितलं. "त्याला भीती वाटत होती का?" असं विचारल्यावर "वाटत होती, आणि त्या भीतीच्या खालीही काहीतरी होतं, ते मी पाहिलंय," असंही सांगितलं. कॅप्टन मान हलवत होता, लिहीतही होता. पण तारखेखाली त्याने रेघ मारली होती, ती तिला टेबलापलीकडून दिसत होती.

डिसेंबरात निकाल आला. हुकूम मिळाल्यानंतर, भीतीपोटी सुचलेला विचार, अर्ज नामंजूर. पलटण विमानाकडे निघाली त्या सकाळी टेरेल बसमध्ये चढला नाही. पिशवी पायाशी ठेवून तो तिथेच उभा राहिला. त्याला सात महिन्यांची शिक्षा झाली आणि समुद्राकडच्या छावणीतल्या तुरुंगात धाडलं.

भेटायला येणाऱ्यांच्या यादीत त्याने दोनच नावं लिहिली, आई आणि हल्डा. मोतीबिंदूमुळे हल्डा गाडी चालवत नसे, म्हणून तिला घेऊन यायचं वचन त्याने आईकडून काढून घेतलं होतं. त्याची आई, व्हर्डेल मॅबरी, शाळेची बस चालवायची, शेजारच्या राज्यात राहायची. पहिल्या रविवारी ती हल्डाच्या दारात आली, पण गाडीतून उतरली नाही. नुसता भोंगा वाजवला.

अर्ध्या रस्त्यात व्हर्डेल समोर बघतच म्हणाली, "एक तारीख. एवढ्या वयात एक तारीख विसरता येऊ नये तुम्हाला?"

"नाही आली."

"माझ्या आईला शेवटी माझं नावसुद्धा आठवत नव्हतं. आणि तुमचं डोकं बघा!" तिने गिअर खाडकन बदलला. "ज्यांनी साऱ्या देशाला खोटी कारणं सांगून ही लढाई लावली, त्यांना कुणी विचारलं, तारीख सांगा म्हणून? त्यांच्याकडून कुणी मागितला हिशेब? खरं बोलायचा मक्ता काय तो माझ्या पोराने आणि तुम्ही घेतलाय."

हल्डाने मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरले. "तुमचं खोटं नाही," ती म्हणाली. "त्या सकाळी मी देवाकडे मागितलं होतं, मला विसर पडू दे म्हणून."

"मग?"

"नाही पडला."

व्हर्डेल काहीतरी पुटपुटली. ते देवाला उद्देशून होतं की हल्डाला, कळलं नाही.

भेटीच्या खोलीत टेरेल समोर बसला. केस बारीक कापलेले, चेहरा उतरलेला, पण खांदे मोकळे. हल्डाने सबंध रस्ताभर जुळवलेलं वाक्य उच्चारलं, "टेरेल, माझ्यामुळे तू इथे आलास."

"नाही, मॅम. बसमध्ये चढलो नाही, म्हणून आलो." तो आईकडे वळला. "मॉम, तू त्यांना बोललीस ना गाडीत? बोललीच असशील. अगं, त्यांनी खोटं सांगितलं असतं, तर मी रविवारी विश्वासाने कुठे जाऊन बसलो असतो?"

"घरी आला असतास," व्हर्डेल म्हणाली. "माझ्या घरी."

हात धरायला परवानगी होती. त्याने टेबलावर दोन्ही हात पुढे केले, एक आईकडे, एक हल्डाकडे. तिघं गप्प बसली. हल्डाला त्या गप्प बसण्याची सवय होती, टेरेललाही झाली होती. व्हर्डेलला मात्र ते सोसवेना.

"तुम्ही लोक नुसतं बसून काय मिळवता कोण जाणे," ती म्हणाली. "माझ्या देवाला मोठ्याने सांगावं लागतं." आणि पहारेकऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने डोळे मिटून सांगायला सुरुवात केली, "बापा, माझ्या लेकराला इथे नीट ठेव. त्याचं हे डोकं ताठ आहे ते ताठच राहू दे, पण कुणाच्या हातून फुटू देऊ नकोस. आणि या बाईलाही बळ दे. माझा राग अजून गेलेला नाही. तो तू तुझ्या सवडीने काढ."

हल्डाने मान खाली घातली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण दुसऱ्या बाजूचा हात व्हर्डेलने कधी धरला ते तिलाही कळलं नव्हतं.

परतल्यावर हल्डाच्या फाटकाशी व्हर्डेलने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही.

"पुढच्या रविवारी सहाला तयार राहा," ती म्हणाली. "पुलाचं काम निघालंय. लांबून जावं लागेल."