बारावर अडलेला काटा

तानबाच्या जीपचा जुना मीटर जळाला, तेव्हा कारंज्याच्या हिरालाल इलेक्ट्रिशियननं त्या जागी दुसरा बसवला. जुन्यासारखा हा करंट नाही, व्होल्ट दाखवतो, असं त्यानं सांगितलं. गाडी चालू असताना काटा चौदाच्या जवळ पाहिजे, असंही त्यानं बजावलं. पण जन्मभर जीप हाकलेल्या माणसाला मीटर शिकवायचा म्हणजे काय! तानबानं एका कानानं ऐकलं नि दुसऱ्यानं सोडून दिलं. काटा मधोमध म्हणजे सगळं आलबेल, हे त्याला जुन्या मीटरनं पढवलं होतं.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात त्याच्या मुलीची, मोहिनीची, सेवाग्रामला नर्सच्या नोकरीची मुलाखत होती. मागच्या मुलाखतीला ती भीतीनं दारातूनच परत फिरली होती. या खेपेला बाबा दाराशी उभे राहतील, असा शब्द तिनं घेतला होता. तानबालाही तिची काळजी होती, पण बापानं तसं दाखवायचं नसतं. धुक्यात दिवे लावून दोघं निघाले. आर्वी मागे पडली तरी धुकं हटेना, आणि हॉर्नचा आवाज बसत चालला.

"बाबा, हा काटा बारावरच काऊन अडून राह्यला?"

"मधात हाय ना? मंग बॅटरी फुल्ल हाय. तू तुह्या उत्तराचं पाह्य."

पुढच्या टपरीवर चहासाठी त्यानं ऐटीत इंजिन बंद केलं. चहानंतर चावी फिरवली, तर नुसतं टक् झालं. तेव्हा कुठं त्याला हिरालालचं बोलणं आठवलं. बॅटरीत काही भरतच नव्हतं. होतं तेवढं दिव्यांनी संपवलं होतं. स्वतःचीच चीड आली त्याला.

टपरीवाल्या म्हाताऱ्याशिवाय धक्का मारायला कोणी नव्हतं. तेवढ्यात खच्चून भरलेली एसटी आली. कंडक्टर म्हणाला, पोरगी तेवढी मावेल. मोहिनीनं बापाकडे पाहिलं. मग ती चढली.

बऱ्याच वेळानं कापसाची बैलबंडी घेऊन आलेल्या दोघांनी धक्का मारला. जीप सुरू झाली. सेवाग्रामपर्यंत तानबाला एकच दिसत होतं, दारातून परत फिरलेली पोर.

ती फाटकाशीच उभी होती. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला तर इंजिन बंद पडेल म्हणून त्याला उतरताही येईना.

"दाराशी कोण होतं?" त्यानं बसल्या जागेवरून विचारलं.

"कोणीच नाई. मी एकटीच आत गेलतो, बाबा."

ती शेजारी येऊन बसली. तानबाला आनंद झाला, आणि कुठंतरी लागलंही. मोहिनीनं मीटरकडे पाहिलं.

"आता घरापावतर बंद नोका करू," ती म्हणाली.

तानबानंही काट्याकडे पाहिलं नि गिअर टाकला.